जोडरंध्याचा दोर

आश्विन लागला की आमच्या झोपाळ्याच्या फळीत फट पडू लागते. भाद्रपदात ती नसते. तेव्हा डोळे मिटून हात फिरवला तर एक फळी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते बोटांना कळत नाही. मग पाऊस ओसरतो, तापीचं पाणी निवळतं, दुपारी अंगणातली फरशी पायाला चटके देऊ लागते, आणि एक दिवस सुमती झोपाळ्यावरून उठताना तिच्या पदराचं टोक फळीत अडकतं. ती ते हलकेच ओढून काढते आणि म्हणते, "आला तुमचा आश्विन."

सुमती माझी बायको. तिच्या म्हणण्यात राग नसतो, थोडी चेष्टा असते. मग दरवर्षीचं पुढचं वाक्यही ती म्हणते. "मागे एवढं मशीन आहे. फळ्या खोला, कडा मारून घ्या, सरस लावा. एका सकाळचं काम."

"करू," मी म्हणतो.

आणि करत नाही.

या दिवसांत केळीच्या गाड्या स्टेशनाकडे जात असतात. पानांत गुंडाळलेले घड, गाडीवानाच्या धोतरावर चिकाचे काळे डाग, बैलांच्या मागे ओलसर हिरवा वास. गावाबाहेर कापूस फुटलेला असतो आणि जिनिंगच्या बाजूनं वारा आला की घरात तो उबट, कोरडा वास भरतो. मागच्या गल्लीतले पॉवरलूम दिवसभर खटखटत राहतात. हे सगळं मला दिसतं, ऐकू येतं. हा झोपाळा केला त्या वर्षीही येत होतं. फक्त ते आत कुठे पोचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरतं पोचत नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसानं असं लिहावं की नाही, मला माहीत नाही. पण त्या आश्विनाबद्दल लिहायचं तर निदान एवढं तरी खरं लिहायला हवं.

त्या वर्षी चैत्रात आई गेली. शाळेत परीक्षा चालू होत्या. मी नगरपालिकेच्या मराठी शाळेत गणित शिकवतो. दिवस झाल्यावर मी पेपरांचा गठ्ठा घरी आणला आणि तपासत बसलो. वसंता, माझा धाकटा भाऊ, दाराच्या उंबऱ्यावर बसून मुलासारखा रडत होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि पुढचा पेपर घेतला. बेरीज चुकलेली होती. मी ती दुरुस्त केली. अशा वेळी आपल्याला रडू यायला हवं हे मला समजत होतं. ज्याचं पान वाढलेलं आहे पण भूक नाही, अशा माणसासारखा मी वाट बघत होतो. ते आलं नाही.

आमच्या घरामागे पत्र्याची पडवी आहे. वडील होते तेव्हा तिथं गोवऱ्या आणि जळण असायचं. वडिलांच्या मागे मी आणि वसंतानं ती रिकामी करून तिथं सुतारकाम मांडलं. आम्ही जातीचे सुतार नव्हे, शेतीही मागच्या पिढीतच सुटलेली. पण हाताला चाळा हवा होता. आधी पाट केले, मग पोळपाट, मग शेजाऱ्यांची फडताळं. गल्लीत आम्हाला 'सुतार मास्तर आणि कंपनी' म्हणत. वसंता वनखात्याच्या डेपोत कारकून होता. सागाचा कोणता ओंडका आतून पोकळ निघेल हे तो सालीवर थाप मारून सांगायचा, आणि निम्म्या वेळा चुकायचा.

फळीला फळी जोडायची तर कडा सरळ लागतात. लहान रंध्यानं ते होत नाही. लहान रंधा लाकडाच्या खळग्यात उतरतो आणि खळगा तसाच ठेवून वर येतो. त्याला वाटतं आपण काम केलं. लांब रंधा खळग्यावरून तरंगत जातो, फक्त उंचवटे काढतो, आणि उंचवटे संपले की मगच अख्ख्या कडेला एकसारखा लागतो. आमच्याकडे हातभराहून लांब, बाभळीच्या लाकडाचा एक असा रंधा होता. आम्ही त्याला जोडरंधा म्हणायचो. त्याच्या पुढच्या टोकाला आडवं भोक होतं आणि भोकात सुताचा जाड दोर ओवलेला. मागून मी ढकलायचो, पुढून वसंता ओढायचा. दोन फळ्या पुस्तकासारख्या मिटवून शेजारी शेजारी आवळायच्या आणि दोन्हींच्या कडांवरून रंधा एकदम न्यायचा. हात जरा कलला तरी बिघडत नाही. एका कडेला जेवढी चूक होते, दुसऱ्या कडेला तेवढीच उलटी होते, आणि फळ्या उघडून समोरासमोर आणल्या की त्या बसतात.

ढकलणाऱ्यानं 'हं' म्हणायचं आणि ओढणाऱ्यानं ओढायचं. एवढीच त्या कामाची भाषा. आई आत भाकरी थापता थापता ऐकायची आणि 'हं' थांबला की ओरडायची, "झालं का रे भांडण?"

बहुतेक वेळा झालेलं असायचं.

त्या पावसाळ्यात जोडरंध्याचा तळ झिजून मधे पोकळ झाला. तळ पोकळ झाला की रंधा खोटं बोलू लागतो. दोन कडा एकावर एक ठेवून उजेडाकडे धरल्या की मधून प्रकाशाची बारीक रेघ दिसायची. नवं काहीतरी घ्यायला हवं होतं. आणि त्याच सुमाराला दुसरी गोष्ट आली.

राज्यांची फेररचना होत होती. आजवर आमची राजधानी नागपूर. आता नागपूर-अमरावतीचा मुलूख मुंबई राज्यात जाणार आणि आम्ही इकडे, भोपाळच्या नव्या राज्यात राहणार असं ठरलं. बाजारात, न्हाव्याकडे, देवळाच्या पायऱ्यांवर तेच. मराठी शाळेचं काय होणार म्हणून लोक मला विचारत आणि मी 'बघू' म्हणत असे. मी नगरपालिकेचा नोकर, मला कोणी काही विचारलं नाही. वसंता सरकारी. त्याला विचारलं गेलं, इकडे राहणार की तिकडे जाणार? दसऱ्याच्या आत कळवायचं होतं. त्याच्या बायकोचं, कमलचं, माहेर अमरावतीचं. तिला जायला आवडलं असतं, पण ती तसं म्हणाली नाही. वसंताला राहायचं होतं की जायचं होतं, हे त्यालाच कळत नव्हतं. त्याला फक्त एवढं हवं होतं की मोठ्या भावानं सांगावं. आई असती तर तिनं सांगितलं असतं. ती नव्हती, म्हणून मी.

मी रंध्याबद्दल बोलत राहिलो.

हे मी हसवण्यासाठी लिहीत नाही. तो अख्खा भाद्रपद आणि अर्धा आश्विन आमच्या घरात कोणता रंधा घ्यायचा याशिवाय दुसरं बोलणं झालं नाही. चौकात हकीमभाई बोहऱ्यांचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. त्यांच्याकडे एक विलायती जोडरंधा होता, अख्खा लोखंडी, तळ काचेसारखा सपाट. शाळा सुटल्यावर मी रोज तिथं जायचो, तो रंधा हातात घ्यायचो, तळावर पट्टी ठेवून उजेड बघायचो आणि परत ठेवायचो. वसंताही यायचा. त्या रंध्याला पुढे मूठ होती, पण दोर ओवायला भोक नव्हतं.

"भोक पाडून घेऊ," वसंता म्हणाला.

"ओतीव लोखंड आहे. तडकेल."

"मग मुठीलाच बांधू दोर."

"मूठ निसटेल."

हकीमभाई गल्ल्यावरून म्हणाले, "मास्टरजी, दो महीने से देख रहे हो. रंदा है, घर में बहू नहीं लानी है."

वसंता मोठ्यानं हसला. मला हसू आलं नाही, पण मी तोंड तसं केलं. मग हकीमभाईंनीच मशीनची गोष्ट काढली. पुढे-मागे दोन लांब पोलादी पाट, मधे फिरणारा पात्यांचा लाटण्यासारखा रूळ, खाली पट्टा आणि मोटर. फळी वरून सरकवायची की कड सरळ होऊन बाहेर येते. पॉवरलूमवाल्यांमुळे आमच्या गल्लीत वीज आलीच होती. मुंबईहून जुनं पण चांगलं मशीन मागवून देतो, म्हणाले. "पण आधी कुठे चालताना बघून या. नेपानगरला आहे."

नेपानगर तेव्हा नवं होतं. जंगल तोडून कागदाचा कारखाना उभा राहिला होता आणि एरवी नकाशात बघावी अशा मुलुखांतली माणसं तिथल्या रस्त्यावरून सायकलीवर जाताना दिसत. वसंताच्या खात्यातली ओळख काढून एका रविवारी आम्ही तिथल्या सुतारशाळेत गेलो. मशीन एक पंजाबी मिस्त्री चालवत होते. आधी त्यांनी आम्हाला नुसता आवाज ऐकवला. दात शिवशिवावेत असा आवाज. मग सागाची एक वाकडी फळी घेतली, तळहातानं दाबत पुढे सरकवली, परत आणली, पुन्हा सरकवली. चार वेळा. कड माझ्या हातात दिली. मी पट्टी लावून बघितलं. उजेडाची रेघ कुठेच नव्हती.

"रोज घर जाने से पहले उँगलियाँ गिन लेना," ते हसत म्हणाले. "बस, और कोई झंझट नहीं."

वसंतानं विचारलं, "और दूसरा आदमी किधर खड़ा होता है?"

"दूसरा किसलिए? अकेले का काम है जी. दूसरा बैठ के चाय पिएगा."

वसंतानं ती फळी माझ्या हातातून घेतली आणि कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मी तेव्हा मशीनची लांबी मोजत होतो.

परतीची पॅसेंजर मधल्या चांदनी स्टेशनात थांबली आणि बराच वेळ हललीच नाही. फलाटावर दोघंतिघं उतरले. बाहेर सागाची झाडं, त्यांची पानं किड्यांनी खाऊन जाळी झालेली. उन्हाची तिरीप डब्यात येत होती. वसंता खिडकीकडे बघत म्हणाला, "दादा, काय करू? जाऊ की राहू? तू सांग ना."

इतकं सरळ त्यानं आधी विचारलं नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं. राहा म्हणावं तर त्याच्या बढतीच्या, बायकोच्या माहेराच्या, सगळ्याच्या आड मी येणार. जा म्हणावं तर आई गेली त्याच वर्षी मी त्याला घराबाहेर काढलं असं होणार. हे दोन्ही विचार मी केले, गणितासारखे, ओळीखाली ओळ. माझ्या आत कुठल्याच बाजूला काही हललं नाही. म्हणून मी म्हणालो, "ते बघू. आधी मशीनचं ठरवू या."

"मशीनचं?"

"दसऱ्याला आणायचं तर हकीमभाईंना आजच सांगायला हवं."

गाडी सुटली. तो म्हणाला, "जरूर. सांग तू."

आज मला वाटतं, मी अगदीच दगड नव्हतो. मशीन घ्यायचं मनात आलं त्यामागे एक हिशेब होता. असं मशीन अख्ख्या गावात कुणाच्या घरी नव्हतं. ते पडवीत बसलं की वसंता त्याला सोडून जाणार नाही, असं मला वाटत होतं. जे मला बोलता येत नव्हतं ते मशीननं बोलावं, अशी माझी अपेक्षा होती. ओतीव लोखंडाकडून ही अपेक्षा.

दसऱ्याला चार दिवस असतानाच मशीन आलं. बैलगाडीतून उतरवायला गल्लीतले सहा जण लागले. पडवीच्या जमिनीत खड्डा खणला, दगड आणि सिमेंट भरलं, चार बोल्ट उभे केले. सिमेंट ओलं असताना वसंतानं गुडघ्यावर बसून थापीनं ते सपाट केलं. इतकं मन लावून की मला वाटलं, झालं, ठरलं. माणूस आपल्या हातानं पाया सपाट करतो तो काय जायला?

तिसऱ्या दिवशी तो डेपोतून घरी आला, हातपाय धुतले आणि चहा पिताना म्हणाला, "दादा, मी तिकडचं नाव दिलं आज. अमरावती मिळेल बहुतेक."

"बरं," मी म्हणालो. "मोटरचा पट्टा जरा सैल वाटतोय. बघतोस का?"

त्यानं पट्टा बघितला. आवळून दिला.

वसंता आणि कमल देवळात गेले तेव्हा सुमतीनं मला गाठलं. मी मशीनला तेल देत होतो.

"भाऊजी काय म्हणाले माहिती आहे का माझ्याजवळ?"

"काय?"

"म्हणाले, दादानं एकट्याचं मशीन घेतलं. आता दोर ओढायला कोण लागतंय. मी म्हटलं, अहो तुमच्यासाठीच घेतलंय ते. तर म्हणाले, तसं दादा म्हणाला का?"

मी तेल देत राहिलो.

"राहा म्हणाला असतात तर राहिले असते ते."

"त्याला कळायला हवं होतं."

"कशावरनं?" सुमती म्हणाली. "सिमेंटवरनं?"

त्या संध्याकाळी तरी मी देवळाच्या वाटेवर जाऊन त्याला थांबवू शकलो असतो. 'नाव परत घे' एवढंच. कदाचित परत घेता आलंही असतं. मी पडवीत उभा राहिलो आणि मशीन सुरू केलं. आवाज चांगला होता, घरघर नव्हती. मी एक फळी सरकवली. कड सरळ आली. मला त्याचं समाधान झालं, हे मला नीट आठवतं, आणि आठवतं म्हणूनच ते लिहायला जड जातं.

झोपाळा मात्र हातानंच झाला. आईला झोपाळा हवा होता. माजघरात कड्या तिनं आधीच बसवून घेतल्या होत्या, वर्षभर त्या रिकाम्या लटकत होत्या. वसंतानं डेपोच्या लिलावातून सागाच्या तीन फळ्या आणून ठेवल्या होत्या. दिवाळीनंतर तो जाणार. दिवाळीच्या आधी तो म्हणाला, "चल, आईचा झोपाळा करून टाकू."

मी मशीनकडे वळलो.

"त्याच्यावर नको," तो म्हणाला. त्यानं जुना जोडरंधा काढला. तळ पोकळ झालेला होता, तो त्यानं आधीच फरशीवर वाळू टाकून घासून बराच सपाट केला होता. कधी केला, मला माहीत नाही. त्यानं दोर मुठीभोवती गुंडाळला.

मी फळीवर हात ठेवला. गार लागली. "अरे, ही अजून ओली आहे. पावसाचं पाणी आहे आत. आत्ता जोडली तर थंडीत फट पडेल."

"पडू दे."

"वनखात्यात आहेस तू. तुला मी सांगायचं?"

"पडू दे ना दादा," तो म्हणाला. "फट पडली की बोलाव मला. येईन, पुन्हा मारू."

मग मी 'हं' म्हणालो आणि त्यानं ओढलं. एकही भांडण न होता तीन फळ्यांच्या कडा झाल्या. रंध्याच्या तोंडातून लांबच लांब पातळ काप निघत होते आणि सुमती ते चुलीसाठी गोळा करत होती. ती मधेच थांबून म्हणाली, "आज किती गप्प आहात दोघं. आई असत्या तर घाबरल्या असत्या."

सरस गरम केला, फळ्या आवळल्या, खालून दोन आडव्या पट्ट्या घट्ट ठोकल्या. दिवाळीत सगळे त्यावर बसले. कमल, सुमती, वसंता. मी कडेला उभा राहून झोका देत होतो. चौघांचं वजन बघू या, म्हणून मलाही बसवलं. कड्या कुरकुरल्या. फळी कुरकुरली नाही.

भाऊबीज झाल्यावर ते गेले. स्टेशनवर केळीचे डबे भरणं चाललं होतं आणि हमालांच्या ओरडण्यात आमचं काही बोलणंच ऐकू येत नव्हतं, हे मला बरं वाटलं. कमलनं वाकून नमस्कार केला. वसंतानं खिडकीतून हात बाहेर काढला, मी तो धरला. त्याच्या तळहातावर दोराचा वळ होता. गाडी हलली. मी घरी आलो आणि वह्या तपासल्या.

मार्गशीर्षात फट पडली. आधी नखाएवढी, मग सुमतीचा पदर धरेल एवढी. मी त्याला बोलावलं नाही.

का, हे मला आजवर धड सांगता आलेलं नाही. आधी वाटलं, एवढ्याशा फटीसाठी अमरावतीहून माणूस कशाला बोलवायचा? घरात मशीन आहे. मग वाटलं, मशीनवर मारली तर त्याचं म्हणणं खरं ठरेल, की दादाला दुसरा माणूस लागत नाही. म्हणून मशीनवरही मारली नाही. पावसाळ्यात फट आपली आपण मिटली आणि मी सुटकेचा श्वास टाकला. पुढच्या आश्विनात ती पुन्हा उघडली. असं दरवर्षी. तो उन्हाळ्यात यायचा, मुलाबाळांना घेऊन, चार दिवस. झोपाळ्यावर बसायचा. वैशाखात फट सर्वांत मोठी असते, त्याला दिसत नसेल असं नाही. त्यानं कधी विचारलं नाही. त्यानं सांगून ठेवलं होतंच, बोलाव म्हणून. मी त्याला चहा हवा का म्हणून विचारायचो.

मशीनची तक्रार नाही. शाळेची बाकं, गल्लीतल्या मुलींच्या लग्नातले पाट, सगळं त्यावर झालं. कडा इतक्या सरळ येतात की उजेड बघायची सवयही सुटली. फक्त एक खोड राहिली आहे. फळी पुढे सरकवण्याआधी मी 'हं' म्हणतो. मोटरच्या आवाजात तो मलाही ऐकू येत नाही. सुमतीनं एकदा दारातून माझे ओठ हलताना बघितले आणि विचारलं, "कुणाशी बोलता?"

जोडरंधा फडताळावर आहे. त्याचा दोर सुमतीनं केव्हाच काढून आडाच्या बादलीला बांधला. सुती दोर, मजबूत, वाया कशाला घालवायचा?

या वर्षीही पदर अडकला. पण सुमती 'आला तुमचा आश्विन' म्हणाली नाही. तिनं पदर ओढला, तो टरकला. नवं लुगडं होतं. ती फाटलेल्या टोकाकडे बघत म्हणाली, "उद्या मी सुतार बोलावलाय."

"कशाला?"

"फळ्या खोलून नीट जोडून देईल. तुमच्यानं होत नाही ना? झालं तर मग."

"नको."

"मग काय करायचं? माझी लुगडी फाडत बसायचं?"

मी झोपाळ्याची कडी धरून उभा होतो. म्हणालो, "वसंताला कळवतो."

सुमतीनं माझ्याकडे बघितलं. आत जाऊन एक कार्ड घेऊन आली आणि पेनही. ती समोर उभी राहिली तोवर मी लिहिलं: फट पडली आहे. ये.

आणखी काही लिहावं म्हणून बराच वेळ पेन धरून बसलो. काही सुचलं नाही. तिनं ते तसंच नेऊन टपालात टाकलं.

दसऱ्याला तो आला. एकटाच. केस पिकलेत, पोट सुटलंय. पिशवीत जुनी चड्डी आणि बनियन घेऊन आला होता, कामाची. चहा झाल्यावर तो झोपाळ्यापाशी खाली बसला, फटीत नख घातलं, पुढेमागे फिरवलं.

"एवढी?" तो म्हणाला. "आणि दरवर्षी?"

"दरवर्षी."

त्यानं मागच्या दाराकडे बघितलं. पडवीतलं मशीन तिथून दिसतं. स्वच्छ, तेल दिलेलं. मग त्यानं माझ्याकडे बघितलं.

"एकट्यानं होत नाही," मी म्हणालो.

हे खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे आम्हा दोघांना दिसत होतं. तरी ते वाक्य चांदनीच्या फलाटापासून इथवर यायला इतकी वर्षं लागली. वसंता उठला. "वहिनी, दोर कुठे आहे?"

"आडावर. बादलीला."

तो आडावर गेला. ओल्यानं फुगलेली गाठ त्याला सुटेना, मग सुमतीनं दातानं सोडून दिली आणि म्हणाली, "काम झाल्यावर परत बांधून ठेवा भाऊजी. नाहीतर पाणी कोण काढणार, अमरावतीहून येऊन?"

आम्ही झोपाळा उतरवला, पट्ट्या काढल्या, फळ्या वेगळ्या केल्या. जुन्या सरसाचे पिवळे कण कडांना चिकटले होते. दोन फळ्या मिटवून आवळल्या. वसंतानं त्यांवर तळहात ठेवला.

"दादा, अजून ओल्या आहेत. पाऊस जाऊन दिवस किती झाले? आत्ता जोडल्या तर पुन्हा फट पडेल."

"पडू दे," मी म्हणालो.

त्यानं दोर मुठीभोवती गुंडाळला आणि पाय रोवून उभा राहिला. मला भरून वगैरे आलं, असं मी लिहिलं तर ते खरं होणार नाही. बाहेर केळीच्या गाड्या जात होत्या, लूम खटखटत होते, सगळं नेहमीसारखं लांबून ऐकू येत होतं. मी रंधा कडेवर टेकवला.

"हं."

त्यानं ओढलं. दोर ताणला गेला, आणि तो ताण बाभळीच्या लाकडातून माझ्या दोन्ही तळहातांत आला. तेवढं मला जाणवलं.

"हं," मी पुन्हा म्हणालो.